वन्य प्राण्यांचा इंग्रजी वाचन-श्रवण संच: कुंभारीच्या शिकवणीत आठ महिने वापरून

मी सोलापूरजवळच्या कुंभारीत, गोदुताई परुळेकर विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत, तिसरी ते पाचवीच्या मुलांची शिकवणी घेते. वेळ संध्याकाळी साडेपाच ते सात, जागा घरापुढच्या पत्र्याखाली, पोरं चौदा-पंधरा. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, दोघांच्या घरी कन्नड, आणि शाळा सगळ्यांची मराठी. इंग्रजी त्यांच्यासाठी दुसरी नाही, तिसरी-चौथी भाषा आहे. हा संच मी जूनमध्ये साडेअकराशे रुपयांना घेतला. माझ्यासाठी ही रक्कम मोठी आहे, म्हणून घेण्याआधी महिनाभर विचार केला. आता आठ महिने होत आलेत. ज्यांना घ्यावा की नाही असा प्रश्न पडलाय त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

डब्यात वीस प्राण्यांची जाड कार्डं येतात, प्रत्येक प्राण्याची आठ पानांची एक पुस्तिका आणि सगळ्यांचं मिळून एक सरावपुस्तक. कार्डावरचा क्यूआर कोड मोबाइलनं स्कॅन केला की आधी त्या प्राण्याचा खरा आवाज येतो, मग पुस्तिकेतला मजकूर दोनदा वाचून दाखवतात, एकदा सावकाश आणि एकदा नेहमीच्या वेगात. क्यूआर कोडचं आमच्या जिल्ह्याला नवल नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले होते, आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा सगळ्या जगानं ते वाचलं. तरीही कोड स्कॅन केल्यावर पत्र्याखाली हत्तीचा चीत्कार घुमला तेव्हा पोरं जागची हलली नाहीत.

आधी माझी अडचण काय होती ते सांगते, नाहीतर संचाची किंमत कळणार नाही. आपल्याकडं 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळं चौथीतल्या मुलाला एलिफंटचं स्पेलिंग येतं, वळणदार अक्षरात लिहूनही दाखवतो. पण कुणी 'ॲन एलिफंट' असं सलग म्हटलं की त्याला 'ॲनेलिफंट' ऐकू येतं आणि तो थांबतो. हा कुठला प्राणी? डोळ्यांनी ओळखलेला शब्द कानाला ओळखता येत नाही, कारण कानावर तो कधी पडलेलाच नसतो. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू आणि मराठी, शाळेत मराठी. इंग्रजी फक्त फळ्यावर. मी स्वतः बारावीपर्यंत शिकले, माझंही इंग्रजी फळ्यावरचंच होतं, म्हणून मला ही कळ चांगली ठाऊक आहे.

या संचात ऐकणं आधी येतं आणि वाचणं नंतर. सरावपुस्तकात प्रत्येक प्राण्याच्या सुरुवातीलाच 'पुस्तिका बंद ठेवा' असं छापलंय. पहिल्या आठवड्यात मी ते मनावर घेतलं नाही, पोरांच्या हातात पुस्तिका दिल्या. सगळ्यांची बोटं ओळींवरून पळायला लागली, कान कुणाचाच जागा नव्हता. दुसऱ्या आठवड्यापासून सूचना तंतोतंत पाळली आणि फरक पडला.

आता आमची पद्धत ठरून गेलीय. पहिल्यांदा डोळे मिटून फक्त ऐकायचं आणि ओळखीचे जितके शब्द कानाला लागतील तितकी बोटं उघडायची. कुणाची दोन उघडतात, कुणाची सात. दुसऱ्यांदा ऐकताना एकच प्रश्न, आधी सांगून ठेवलेला: आकडा कोणता आला? जिराफाच्या पुस्तिकेत सांगितलंय की त्याच्या मानेत सातच मणके असतात, माणसाच्या मानेत असतात तितकेच. 'सेव्हन' हा आकडा पकडायला पोरं कान टवकारून बसली होती. तो सापडल्यावर सगळ्यांनी आपापल्या मानेमागं बोटं लावून मणके मोजायला घेतले. तिसऱ्यांदा पुस्तिका उघडायची आणि आवाजाबरोबर बोट चालवायचं. चौथ्यांदा आवाज बंद, आपण वाचायचं. चौथ्या फेरीला येईपर्यंत मजकूर कानात बसलेला असतो, त्यामुळं वाचताना मूल अडखळलं तरी पुढचा शब्द त्याला आतून ऐकू येतो. तिसरीतली एक मुलगी, जी मराठीसुद्धा अक्षर-अक्षर जोडून वाचायची, ती हत्तीची आठ पानं न थांबता वाचून गेली. निम्मं तिनं वाचलं नसेल, आठवून म्हटलं असेल. मला ते चालतं. आम्हीही बालपणी कविता अशाच आठवून 'वाचायचो' आणि मग अक्षरं कळायची.

आवाजांबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण संचाचं खरं सोनं तिथं आहे. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी आम्ही ध्वनिदर्शक शब्द पाठ करून घेतो: वाघाची डरकाळी, हत्तीचा चीत्कार, सापाचा फुत्कार, कोल्ह्याची कोल्हेकुई. समूहदर्शक शब्दही: हरणांचा कळप, पक्ष्यांचा थवा. मुलांना ते येतात, पण त्यातला एकही आवाज बहुतेकांनी ऐकलेला नसतो. इथं आवाज आधी ऐकू येतो, मग मराठी शब्द पोरंच देतात, आणि त्याच्या शेजारी इंग्रजी शब्द बसतो. रोअर, ट्रंपेट, हिस, हाउल, ग्राउल. डरकाळी आणि गुरगुर यांत फरक असतो तसाच रोअर आणि ग्राउल यांत असतो, हे समजावून सांगावंच लागत नाही. सिंहाच्या पुस्तिकेत त्याची डरकाळी आठ किलोमीटरवर ऐकू जाते असं वाक्य आहे. मी विचारलं, इथून सोडली तर कुठवर जाईल? पोरांनी हिशोब करून ती सोलापुरापर्यंत नेली.

चित्त्याच्या दिवशी तर वर्गात भांडणच झालं. चित्ता डरकाळी फोडत नाही, त्याला ती फोडताच येत नाही. तो पक्ष्यासारखा चिवचिवतो, आणि संचात ती चिवचिव आहे. पोरं म्हणाली, टीचर, चुकीचा कोड लागला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. 'चर्प' हा शब्द त्यांनी तोवर फक्त चिमणीच्या कवितेत पाहिला होता. एवढं मोठं जनावर चर्प करतं म्हटल्यावर तो शब्द असा बसला की मी आजही 'चर्प' म्हटलं तर चौदा तोंडांतून 'चीता' येतं.

आणि लांडगा.

लांडग्याचा आवाज मी जरा मोठ्यानं लावला, छोटा स्पीकर जोडून. पहिली हाळी संपते न संपते तोच गल्लीतली कुत्री माना वर करून रडायला लागली. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, तिथून पलीकडं. दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या बाया उठून आल्या. हाउल म्हणजे काय ते मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

माझ्या वर्गात चौथीतला एक मुलगा आहे, इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडायचा नाही. मराठीत बडबड्या, इंग्रजी निघालं की मान खाली. त्याच्या मामाची सांगोल्याकडं मेंढरं आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत तो महिनाभर त्यांच्यामागं असतो. लांडग्याची पुस्तिका वाचत होतो. दुसऱ्या पानावर चित्र बर्फातलं, खाली वाक्य: 'वुल्व्ज लिव्ह इन फॉरेस्ट्स अँड इन द स्नो.' तो म्हणाला, "टीचर, हे चुकीचं सांगालेत." मी म्हटलं, मग बरोबर काय ते सांग, इंग्रजीत सांग. तो उभा राहिला. हाताच्या मुठी वळलेल्या. म्हणाला, "नो स्नो. वुल्फ… माळ. ग्रास. इव्हनिंग कम. शीप टेक." मग श्वास न घेता मराठीत सगळं सांगून टाकलं: लांडगा दिवस मावळताना येतो, वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, लावायच्या आधीच्या वेळात, आपल्याकडं एकटा-दुकटा किंवा तीन-चार मिळून असतो, मोठी टोळी नसते. त्यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. आपल्या दख्खनच्या माळावरचा लांडगा झाडीतला नाहीच, तो गवताळ रानातला. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं लांब थंडीतला लांडगा होता. हे त्या मुलाला कळलं, आणि ज्या गोष्टीत आपण छापील कागदापेक्षा जास्त जाणतो ती सांगायला त्याला इंग्रजी हवंसं वाटलं. मी त्याची चार वाक्यं फळ्यावर सरळ करून लिहिली. इतरांनी ती वाचली, त्यानं दोनदा वाचली.

इथंच संचाबद्दलची माझी पहिली तक्रार येते. वीसपैकी बहुतेक प्राणी आफ्रिकेतले किंवा बर्फातले आहेत. तरस आहे, पण आफ्रिकेतलं ठिपक्यांचं, हसल्यासारखं ओरडणारं. आपलं तरस पट्ट्यांचं असतं आणि तसं हसत नाही. सिंह आफ्रिकेतला, आशियाई सिंहांचं एकमेव घर असलेल्या गीरचा उल्लेख नाही. सोलापूरच्या मुलांसाठी माळढोक, काळवीट, खोकड यांतलं काहीच नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य शहरापासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला. 1979 साली ते झालं. कार्ड नव्हतं म्हणून मी स्वतः करून घेतलं: जुन्या वहीचा पुठ्ठा, वर्तमानपत्रातलं चित्र, आणि माझ्याच आवाजात मोबाइलवर सहा वाक्यं. 'धिस इज द ग्रेट इंडियन बस्टर्ड. इट लिव्ह्ज इन द ग्रासलँड. इट इज टॉल अँड हेवी. इट वॉक्स स्लोली. इट लेज ओन्ली वन एग. व्हेरी फ्यू आर लेफ्ट.' एक अंडं आणि सगळ्या देशात दीडशेहून कमी पक्षी उरलेले, तेही जवळजवळ सगळे राजस्थानात, हे दोन आकडे मुलांनी शेजारी-शेजारी लिहिले आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकीनं विचारलं, "वन एग म्हणजे एका वर्षाला का टीचर?" बहुधा वर्षाला एकच, असं मी सांगितलं. तिनं वहीत 'वन इयर, वन एग' असं स्वतःचं वाक्य करून लिहिलं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. कार्डांच्या मागं मराठी अर्थ दिलेत आणि त्यात चुका आहेत. चीता म्हणजे चित्ता हे बरोबर. पण लेपर्डच्या मागंही चित्ताच छापलंय. लेपर्ड म्हणजे बिबट्या. उसाच्या फडात निघतो, बातम्यांत येतो तो बिबट्या. चित्त्याच्या अंगावर भरीव गोल ठिपके असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंसारख्या दोन काळ्या रेघा. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांच्या फुलांसारख्या खुणा असतात आणि तोंडावर त्या रेघा नसतात. दोन्ही कार्डांवर चित्रं बरोबर आहेत, म्हणजे चूक फक्त अर्थ लिहिणाऱ्याची. तशीच गफलत कोल्ह्याची. फॉक्सच्या मागं कोल्हा, जॅकलच्या मागंही कोल्हा. जॅकल म्हणजे कोल्हा आणि फॉक्स म्हणजे खोकड. आपल्या गोष्टींच्या पुस्तकांतही वर्षानुवर्षं फॉक्सचा कोल्हाच होत आलाय हे मला मान्य आहे, पण प्राण्यांवरून भाषा शिकवायचा संच काढणाऱ्यांनी तरी हे तपासायला हवं होतं. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर बरोबर शब्द लिहून चिकटवले. माझ्या वर्गात मराठीच्या खाली तेलुगू शब्दही आहेत, ते पोरांच्या आयांनी सांगितले: वाघ म्हणजे पुली, हत्ती म्हणजे एनुगु, अस्वल म्हणजे एलुगुबंटी, कोल्हा म्हणजे नक्का. एका कार्डावर तीन भाषा. जिनं एलुगुबंटी सांगितलं ती आई दिवसाला हजार विड्या वळते. हाताला थांबायला वेळ नसतो, पण कान मोकळे असतात. एक दिवस माझ्याआधी तीच पोरांना म्हणाली, "बेअर इज स्लीपिंग, गप बसा."

चित्त्याची पुस्तिका जुनी आहे. शेवटच्या पानावर 'भारतात आता चित्ता नाही' अशा अर्थाचं वाक्य आहे. 1952 मध्ये तो आपल्या देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं हे खरं, पण 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. मी ते वाक्य खोडलं नाही. मुलांना म्हटलं, हे वाक्य खरं होतं, आता खरं नाही, तर काय करायचं? त्यांनी 'इज'चं 'वॉज' केलं. काळ शिकवायला इतकं चांगलं उदाहरण मला व्याकरणाच्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

वाचनाच्या पुस्तिका एकूण चांगल्या. पहिल्या दहांत 'इट हॅज', 'इट ईट्स', 'इट कॅन' अशी तीच ती वाक्यरचना येते, म्हणून चौथ्या-पाचव्या पुस्तिकेपर्यंत मूल पुढचं वाक्य ओळखायला लागतं. मोठ्यांना ते कंटाळवाणं वाटेल, मुलांना त्यातून धीर येतो. अकराव्यापासून मजकूर एकदम अवघड होतो, मधली पायरीच नाही. तिसरीची मुलं तिथं अडकली आणि मी त्यांना पुन्हा पहिल्या दहांवर नेलं.

या अवघड पुस्तिकांतली गिधाडाची मात्र मी कुणालाही दाखवीन. 'बिकॉज' आणि 'सो' हे दोन शब्द कसे वापरायचे ते ती अख्खी पुस्तिका शिकवते. गिधाडं का संपली? कारण जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध दिलं जायचं. तसं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, म्हणून त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. प्रत्येक पानावर एक 'बिकॉज' किंवा एक 'सो'. मुलांना मी घरचा अभ्यास दिला: आई किंवा आजीला विचारून या, तुम्ही गिधाड पाहिलंय का. दुसऱ्या दिवशी नऊ जण 'हो' घेऊन आले. एकीच्या आजीनं अक्कलकोटकडच्या गावात ओढ्याकाठी मेलेल्या बैलावर वीस-पंचवीस बसलेली पाहिली होती. स्वतः पाहिल्याचं मात्र एकाही मुलानं सांगितलं नाही. त्या दिवशी आम्ही 'माय ग्रँडमदर सॉ' हे वाक्य शिकलो आणि प्रत्येकानं ते पुरं केलं.

उच्चारांबद्दल थोडं. गिधाड आणि लांडगा लागोपाठ घ्या. मराठीत 'व' एकच, इंग्रजीत त्याचे दोन. वल्चर म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, वुल्फ म्हणताना ओठांचा चंबू होतो. मी घरातला छोटा आरसा फिरवते, प्रत्येकानं आपलं तोंड बघून दोन्ही म्हणायचं. झेब्र्याला 'जाड'मधला ज लावा म्हटलं की मराठी मुलांना लगेच जमतं. लेपर्डला सगळे लिओपार्ड म्हणायचे. स्पेलिंग बघून ते साहजिकच आहे. ऐकून शिकल्यावर एकही जण परत लिओपार्ड म्हणाला नाही.

पण वाचणाऱ्या बाईंचा आवाज परदेशी आहे आणि शेवटचा 'र' त्या जवळजवळ गिळतात. बेअर आणि डिअर मुलांना 'बेअ', 'डिअ' असं ऐकू येतं, त्यामुळं सुरुवातीला फार गोंधळ झाला. सावकाश वाचलेल्या पाठातही तेच. मी उपाय असा केला की आधी मी आपल्या पद्धतीनं वाचते, मग त्यांचं ऐकवते. दोन्ही कानांवरून गेलं की मूल दोन्ही ओळखतं. भारतीय आवाजात एक तिसरा पाठ असता तर गावाकडच्या शिक्षकांचं काम निम्मं झालं असतं.

नेटचं दुखणं वेगळंच. आवाज मोबाइलवर साठवून ठेवता येत नाहीत, दर वेळी कोड स्कॅन करून नेटवरूनच ऐकावे लागतात. आमच्याकडं संध्याकाळी रेंज जाते-येते, पावसाळ्यात तर कित्येक दिवस तास वाया गेला. शेवटी शहरात बहिणीकडं गेले असताना दुसऱ्या मोबाइलवर सगळे पाठ रेकॉर्ड करून आणले, आता तेच वापरते. आवाज थोडा खरखरतो. शिवाय माझ्या डब्यात जिराफाची दोन कार्डं आली आणि खवल्या मांजराचं आलंच नाही. विकणाऱ्यांना तीनदा फोन केला. 'पाठवतो' म्हणाले, आजवर आलेलं नाही. डबा घेतल्याबरोबर उघडून कार्डं मोजून घ्या.

कार्डं जाड असली तरी कोपरे लवकर फुटतात. नवी पेठेत मी ती लॅमिनेट करून घेतली, तेव्हापासून टिकलीत.

डिसेंबरात मी अकरा मुलांना घेऊन नान्नजला गेले. टमटम ठरवली, आयांनी कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून दिली. जाताना सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की तिथं बोलायचं नाही, ऐकायचं, आणि जे ऐकलं-पाहिलं ते वहीत इंग्रजीत लिहायचं, चुकलं तरी चालेल. माळढोक दिसणार नाही हे मला माहीत होतं, मुलांनाही सांगितलं होतं. काळवीट दिसले. सकाळच्या उन्हात सतरा मोजले, त्यांतले दोन नर, काळेभोर पाठ आणि पांढरं पोट, पिळाची शिंगं. त्या शिंगांवरूनच आम्ही आणखी एक शब्द शिकलो होतो: चितळ-सांबराची शिंगं दर वर्षी गळून नवी येतात, त्यांना अँटलर म्हणतात. काळविटाची गळत नाहीत, ती हॉर्न. मराठीत दोन्ही शिंगंच, आणि दोन्ही हरणंच. पाचवीतल्या मुलीनं वहीत लिहिलं, 'नॉट अँटलर. हॉर्न.' कळप अचानक उधळला, एकामागून एक उंच उड्या टाकत. त्यावर एकानं 'जंप' लिहिलं आणि पुढं सतरा वेळा तेच. वारा, गवताची सळसळ, दूर रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न, एवढंच ऐकू येत होतं. एका मुलीनं विचारलं, टीचर, ट्रकचाही हॉर्नच का? हो, तोही हॉर्नच.

लांडगा दिसला नाही. पण परत आल्यावर सरावपुस्तकातलं लांडग्याचं पान भरायचं राहिलं होतं, ते सगळ्यांनी भरलं. प्रश्न आहे, लांडगा कुठं राहतो? खाली तीन चौकोन: फॉरेस्ट, स्नो, माउंटन. एकावर खूण करायची. मामाची मेंढरं राखणाऱ्या त्या मुलानं तिन्ही सोडले, पट्टीनं शेजारी चौथा चौकोन आखला, त्यात इंग्रजी अक्षरांत 'माळ' लिहिलं आणि त्यावर खूण केली. पाठीमागच्या उत्तरांप्रमाणं ते चूक आहे. मी बरोबर दिलं.

घ्यायचा विचार करणाऱ्यांना एवढंच: एकट्या मुलाला हातात देऊन हा संच चालणार नाही, शेजारी बसून ऐकणारं मोठं माणूस लागतं. इंग्रजी फार येणारंच हवं असं नाही, मुलाबरोबर ऐकायला तयार असणारं हवं. तिसरीच्या खाली घेऊ नका. पाच-सहा घरांनी मिळून एक घेतला तर प्रत्येकाला दोनशेच्या आसपास पडतो. मी पुढच्या जूनमध्ये दुसरा घेणार आहे, मुलं वाढलीत. तोवर लेपर्डचा मराठी अर्थ दुरुस्त झालेला असावा आणि माझं खवल्या मांजराचं कार्डही आलेलं असावं.